टॉप स्पीड वेगळा, ट्रॅक वेगळा: स्पोर्ट बाइक तयार करताना काय बघायचं

स्पोर्ट बाइक घेतली की पहिल्या वर्षात दोन प्रश्न हमखास येतात. आधी, ‘हिचा टॉप किती?’ आणि थोड्या दिवसांनी, ‘ट्रॅक डेला न्यायची तर काय काय करावं लागेल?’ ट्रॅक डे म्हणजे हौशींना शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवता येते तो दिवस. गॅरेजमध्ये दोन्ही प्रश्नांना बहुधा एकच उत्तर मिळतं: सायलेन्सर बदला, एअर फिल्टर बदला, ईसीयूचं मॅपिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या पेट्रोल वगैरेच्या सेटिंग) करून घ्या. इंजिनाची ताकद वाढली की पुढचं आपोआप होईल, असा सगळ्यांचा समज. पण ही दोन कामं बऱ्याच बाबतीत एकमेकांच्या उलटी आहेत. लांब सरळ पट्टीवर वेगातले शेवटचे चार-पाच किलोमीटर काढण्यासाठी गाडीत जे करायचं, त्यातलं बरंचसं ट्रॅकवर नडतं. आणि इंजिनाचा नंबर दोन्हीकडे बराच खाली लागतो.

आधी टॉप स्पीड घेऊ, कारण त्याचं गणित सोपं आहे आणि ते कळलं की पैसे कुठे वाया जातात तेही कळतं.

गाडी वेगात आली की तिला अडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापत जायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट लागते. नुसता दहा टक्के वेग वाढवायचा तरी ३३ टक्के ताकद जास्त हवी. फेअरिंगवाली (पुढून आणि बाजूंनी आवरण असलेली) गाडी आणि टाकीवर पूर्ण झोपलेला चालक धरून ढोबळ हिशेब केला, तर फक्त हवा कापायला ताशी १६० किमीला साधारण २० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) लागतात, २०० ला ४० आणि ३०० ला १३५ च्या आसपास. टायर आणि चेनमध्ये जाणारी ताकद यावर वेगळी.

आता सायलेन्सर-फिल्टरचा हिशेब मांडा. ४० पीएसच्या गाडीत या खटाटोपाने खरोखर दोन पीएस वाढले, म्हणजे पाच टक्के, तर टॉप स्पीड वाढतो दीड टक्क्याच्या जरा वर. १६० ची गाडी १६२-१६३ ला जाईल. आवाज मात्र २०० चा येईल, ते खरं.

उलट बाजूने बघा. समजा चालक नीट झोपला नाही, कोपरं बाहेर राहिली, डोकं विंडस्क्रीनच्या वर आलं आणि हवेचा विरोध एक तृतीयांशाने वाढला. टॉप स्पीड तिथेच जवळपास नऊ टक्क्यांनी उतरतो. म्हणून फुकटातला सगळ्यात मोठा बदल म्हणजे बसण्याची पद्धत: सीटवर पार मागे सरकणं, हनुवटी टाकीला टेकवणं, कोपरं आणि गुडघे आत घेणं. अंगात ढगळ जॅकेट घालून टॉप स्पीड मोजणारे लोक इंजिनाला उगाच दोष देतात.

१९९९ साली सुझुकीची हायाबुसा आली तेव्हा तिच्या फुगीर, विचित्र तोंडाची थट्टा झाली होती. पण तो आकार वाऱ्यासाठी केलेला होता. १,२९८ सीसीच्या इंजिनाला त्या आकाराची जोड मिळाली आणि गाडी ३१० च्या वर गेली. कंपन्यांमधली वेगाची चढाओढ त्यानंतर इतकी वाढली, की बड्या उत्पादकांनी आपसांत ठरवून २९९ वर लगाम घातला. त्या आकड्यापलीकडे काय लागतं हे बघायचं तर २०१६ चं उदाहरण आहे. तुर्कस्तानच्या केनान सोफुओग्लूने उस्मान गाझी पुलावर कावासाकी निन्जा एच२आर ताशी ४०० ला नेली. ती सुपरचार्जर लावलेली, ३०० पीएसच्या वरची, रस्त्यावर चालवायला परवानगीच नसलेली गाडी होती.

वजनाबद्दलही गैरसमज आहे. दहा किलो कमी केल्याने पिकअप सुधारतो, ब्रेकिंग सुधारतं, गाडी वळायला चपळ होते. लांब सरळ पट्टीवरचा टॉप स्पीड मात्र जवळपास जागेवरच राहतो. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचंही तसंच. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटरवरच्या ठिकाणी हवा विरळ असते, म्हणून इंजिन थोडी ताकद गमावतं. पण अडवणारी हवाही तितकीच विरळ असते, त्यामुळे साध्या इंजिनाचा टॉप फारसा हलत नाही. टर्बो किंवा सुपरचार्जरवाल्यांचा यात फायदा होतो.

आणि मीटरवर विश्वास ठेवू नका. नियमानुसार स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. जास्त दाखवायची मुभा मात्र दहा टक्के अधिक ताशी ४ किमी इतकी आहे. म्हणजे खरा वेग १५० असताना मीटरवर १६९ दिसलं तरी कंपनी नियमातच बसते. व्हिडिओत दिसणारे निम्मे ‘टॉप स्पीड’ इथेच गळतात. मोजायचं तर जीपीएसवर, आणि एकाच पट्टीवर दोन्ही दिशांना जाऊन सरासरी काढायची, म्हणजे वारा कुठून होता हा वाद उरत नाही.

स्प्रॉकेटचे दात

इंजिन न उघडता सगळ्यात जास्त फरक पडतो तो चेन-स्प्रॉकेटने, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या पुढच्या-मागच्या दातेरी चाकांनी. पहिल्या पिढीच्या केटीएम आरसी ३९० ला पुढे १५ आणि मागे ४५ दात येतात. पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. पुढचा एक दात कमी करून १४ केला की हे प्रमाण ३.२१ होतं, म्हणजे सात टक्क्यांचा फरक. मागे एक दात वाढवला तर फरक जेमतेम सव्वादोन टक्के. पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या तोडीचा असतो, म्हणून बारीक जुळवाजुळव मागच्या स्प्रॉकेटवर करायची. शिवाय पुढचं लहान केलं की चेनला जास्त वाकावं लागतं आणि स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) घासपट्टी लवकर खाल्ली जाते. ‘एक दात कमी कर, पिकअप येईल’ हा गॅरेजचा लाडका सल्ला आहे; पुढचा हिशेब कोणी सांगत नाही.

मग कुठले दात लावायचे? गाडी स्वतःच सांगते. वारा नसताना, टाकीवर झोपून, सहाव्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून तिला जाईल तितकी जाऊ द्या आणि आरपीएम बघा. समजा इंजिनाची सर्वाधिक ताकद ९,००० आरपीएमला मिळते. गाडी त्या आकड्याच्या बरीच वर जाऊन कट-ऑफला (इंजिनाच्या कमाल आरपीएमला) लागली आणि अजून ओढायची खुमखुमी शिल्लक असेल, तर गिअरिंग आखूड आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतंय. मागचे एक-दोन दात कमी करा. ती ९,००० च्या आसपास येऊन थांबली तर काही करू नका, कंपनीने नीट जुळवलेलं आहे. तिसरी शक्यता गमतीची. गाडी सहाव्यात ८,००० लाच अडकते आणि पाचव्यात टाकली तर उलट जास्त पळते. इथे बहुतेक जण आणखी लांब गिअरिंग लावतात आणि गाडी अजून मंद होते. इथे मागचे दात वाढवायला हवेत. इंजिन आपल्या ताकदीच्या शिखरापर्यंत पोहोचतं आणि टॉप स्पीड वर सरकतो.

ट्रॅकसाठी हाच हिशेब वेगळा होतो. तिथे टॉप स्पीडला काही किंमत नाही. सगळ्यात लांब सरळ पट्टीच्या शेवटी, ब्रेक मारायच्या जरा आधी, शेवटच्या गिअरमध्ये इंजिन लाल रेषेजवळ पोहोचलं पाहिजे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किमीचा, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किमीचा, तर २०२३ मध्ये मोटोजीपी ही जागतिक शर्यत झालेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट जवळपास पाच किमीचा, त्यातली मागची सरळ पट्टी एकटीच एक किमीपेक्षा लांब. कारीला फिट बसणारं आखूड गिअरिंग घेऊन कोणी बुद्धला गेला, तर छोटी गाडी त्या पट्टीवर निम्म्यातच कट-ऑफला भिडेल. दात बदलल्यावर एक गोष्ट तपासा: काही गाड्यांमध्ये वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. अशा गाडीचं मीटर नव्या दातांनी आणखी खोटं बोलायला लागतं.

टायरची हवा: दोन्हीकडे उलट नियम

हा भाग घाईत वाचू नका, कारण टॉप स्पीड आणि ट्रॅक यांची गल्लत इथे जिवावर बेतू शकते.

ट्रॅकवर टायरची हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवतात. टायर जास्त दबतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि दबण्या-उठण्याने गरम होऊन पकड देतो. सेशन (ट्रॅकवरची एक खेप) संपता संपता आतली हवा तापून दाब ४ ते ६ पीएसआयने चढतो, म्हणून थंड असताना किती होती यापेक्षा ट्रॅकवरून आत आल्या आल्या किती आहे हा आकडा कामाचा. टायर कंपनी ट्रॅकसाठी जो आकडा देते तिथून सुरुवात करायची आणि स्वतःचा गेज न्यायचा. दोन पेट्रोल पंपांचे गेज सहसा एकमेकांशी जुळत नाहीत.

टॉप स्पीडला मात्र हवा कमी करायची नाही. कंपनीने जास्त वेगासाठी किंवा पूर्ण वजनासाठी सांगितलेला दाब पुरा ठेवायचा. कमी हवेचा टायर दर फेरीला जास्त वाकतो, आणि २०० च्या वेगाला चाक मिनिटाला हजारापेक्षा जास्त वेळा फिरत असतं. ही उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि शेवटी रबर आतल्या थरांपासून सुटतो. वर केंद्राबाहेर ओढणारा जोर असतोच. १७ इंची चाकाच्या गाडीत २०० ला टायरच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक ग्रॅम साधारण एक किलोच्या जोराने बाहेर खेचला जातो. पंक्चर काढून स्ट्रिप घातलेला टायर म्हणूनच अशा कामाला नाही. चाकाच्या बॅलन्सिंगचं वजन सुटलेलं असेल तर हँडल थरथरेल. व्हॉल्व्हवर आत रबर असलेलं धातूचं टोपण हवं, कारण या वेगाला व्हॉल्व्हची पिनसुद्धा बाहेरच्या दिशेने ओढली जाते आणि हवा गळू शकते.

टायरच्या बाजूला आकाराच्या पुढे एक अक्षर असतं, ते वाचा. एस म्हणजे १८० पर्यंत, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. त्याच बाजूला चार आकड्यांचा एक छोटा चौकोन सापडेल. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर कडक झालेला असतो. नखाने दाबून कळत नाही, तारखेवरून कळतं.

टॉप स्पीडच्या तयारीतलं उरलेलं काम बहुतेक तपासणीचं. वेग वाढला की पुढचं चाक हलकं होतं आणि कोन सेटमध्ये (हँडलच्या बेअरिंगमध्ये) जरासा खेळ असला तरी हँडल दोन्ही बाजूंना फटके मारायला लागतं. गाडी पॅडॉक स्टँडवर घेऊन, पुढचं चाक उचलून, फोर्क खालून धरून मागेपुढे ओढा. ‘टक’ असा अगदी बारीक आवाज आला तरी आधी ते काम. व्हील बेअरिंगही तसंच हलवून बघा. चेन चालक बसलेला असताना तपासायची, कारण स्विंगआर्म वर गेला की ती आणखी ताणली जाते. स्टँडवर योग्य वाटणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग खाऊ शकते. इंजिन ऑइल फुली सिंथेटिक, गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं आणि डब्यावर जासो एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) असं लिहिलेलं हवं. कारचं महागडं ऑइल ओतलं तर ऑइलमध्येच बुडालेला क्लच घसरायला लागतो आणि लोक क्लच प्लेट बदलत बसतात.

रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल फार तर काही सेकंद मिळतो. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा लंबगोल हाय-स्पीड ट्रॅक २०२१ पासून सुरू आहे, तिथे थ्रॉटल मिनिटभर आणि त्याच्याही पुढे उघडा राहू शकतो. त्या ट्रॅकची वळणं अशी कललेली आहेत, की ताशी २५० ला गाडी वळवायला वेगळा जोर लावावा लागत नाही. पण रस्त्यावर कधीही न तापलेलं इंजिन तिथे खरोखर तापतं, आणि गॅरेजमध्ये ‘चालतंय’ म्हणून सोडून दिलेलं मॅपिंग, म्हणजे पेट्रोल जरा कमी देणारं, तिथे पिस्टनचं नुकसान करतं. मॅपिंग केलेलंच असेल तर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलला मिश्रण तपासल्याशिवाय अशा पट्टीवर जाऊ नये.

ट्रॅकवर थांबणं

ट्रॅकवर सगळ्यात आधी पैसे ब्रेकवर घाला. कारण आकड्यांत दिसतं. गाडी आणि चालक मिळून २५० किलो धरा. १६० च्या वेगावरून ६० वर येताना साधारण २१२ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. चार-पाच कप चहाचं पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते, आणि ती काही सेकंदांत, दोन तळहातांएवढ्या डिस्कवर. प्रत्येक लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) असं तीन-चारदा होतं आणि एका सेशनला बरेच लॅप.

पॅड तापतात, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापतो आणि शेवटी ब्रेक ऑइल. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ वर घसरू शकते. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या ऑइलची काय अवस्था असेल याचा अंदाज करा. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. म्हणून लिव्हर दाबला की तो थेट हँडलला टेकतो आणि कॅलिपरपर्यंत काहीच पोहोचत नाही. पार्किंगमध्ये थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा झकास लागतो, त्यामुळे ‘काही नाही रे, ठीक आहे’ म्हणून लोक पुढच्या सेशनला निघतात.

ट्रॅक डेच्या आधी नवीन सीलबंद बाटलीतलं ऑइल भरून नळीतली एअर काढून घेणं हे काही शे रुपयांचं काम आहे. डॉट ५.१ घातलं तर मर्यादा २६० आणि १८० मिळते. नावाने जवळचं असलेलं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही मिसळायचं नाही. नंतर जमेल तसं: चांगले पॅड, मग स्टीलच्या जाळीच्या नळ्या. मोठी डिस्क वगैरे गोष्टी छोट्या गाडीला बहुतेक वेळा लागतच नाहीत.

शॉकअपचं म्हणाल तर बदलण्याआधी आहे तो जुळवा. मागचं चाक पूर्ण लोंबकळत असताना ॲक्सलपासून शेपटावरच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग चालकाला सूट-बूट-हेल्मेटसकट बसवून तेच माप पुन्हा घ्या. फरक ट्रॅकसाठी साधारण ३० ते ३५ मिमी असावा. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणाऱ्या) नटने तो जुळवता येतो. प्रीलोड वाढवल्याने शॉकअप ‘कडक’ होतो असं सगळे म्हणतात. स्प्रिंग तेवढीच कडक राहते, फक्त गाडी वर उचलली जाते. माप जुळवूनही मधल्या खड्ड्यावर शॉकअप तळाला आपटत असेल, तरच स्प्रिंग बदलायचा विचार करा.

इतरांसाठीची तयारी हा ट्रॅकचा वेगळा भाग आहे. टॉप स्पीडला तुम्ही बहुतेक एकटे असता. ट्रॅकवर तुमच्या गाडीतून सांडलेल्या ऑइलवर मागचा माणूस पडतो. म्हणून ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि झाकण तारेने बांधतात, तेही असं की बोल्ट ढिला होऊ लागला तर तार त्याला घट्ट बाजूला ओढेल. शर्यतीच्या गाड्यांना खाली बंद बेली पॅन सक्तीचा असतो, त्यात इंजिनातलं निदान निम्मं ऑइल आणि पाणी मावलं पाहिजे. एफआयएम या मोटरसायकल खेळाच्या जागतिक संघटनेच्या रोड रेसिंगच्या नियमांत कूलंट म्हणून पाणी किंवा पाण्यात इथाइल अल्कोहोल एवढंच चालतं, कारण नेहमीचं ग्लायकॉलवालं कूलंट डांबरावर तेलासारखं घसरतं आणि पुसलं तरी लवकर जात नाही. हौशी ट्रॅक डेला आयोजक एवढे कडक नसतात. आरसे, नंबर प्लेट, साइड स्टँड काढायला आणि लाइटच्या काचांवर टेप लावायला सांगतात. सांगितलं नाही तरी ॲक्सल नट आणि कॅलिपर बोल्टवर रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवा. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

टायर अगदी काठापर्यंत घासला गेला पाहिजे या हट्टापायी पहिल्याच सेशनला पडणारे बरेच असतात. टायर वॉर्मर नसले तर दोन लॅप शांतपणे मारा, तेवढं पुरतं.

कागदपत्रांचं

मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला मुळात बंदी आहे. रात्री तीनला लवासाच्या घाटात टॉप काढणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही. विम्याचं मात्र अनेकांना माहीत नसतं: आपल्याकडच्या सर्वसाधारण पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅक किंवा धावपट्टी कितीही कायदेशीर असो, तिथे आपटलेल्या फेअरिंगचा खर्च स्वतःचाच.

पुण्या-मुंबईहून चेन्नई बाराशे-तेराशे किलोमीटर. गाडी टेम्पोत घालून न्या. तीच गाडी चालवत नेऊन, दोन दिवस ट्रॅकवर घासून परत चालवत आणणं म्हणजे टायर आणि माणूस दोघांनाही अर्धवट वापरणं. चालवत यायचंच असेल तर निघण्याआधी टायरची हवा परत रस्त्याच्या आकड्यावर चढवा, पॅडची जाडी बघा, ब्रेक लिव्हर मऊ लागला तर एअर काढा, आरसे आणि नंबर प्लेट लावा. कूलंटच्या जागी साधं पाणी भरलेलं असेल तर घरी पोहोचल्यावर त्याच आठवड्यात काढून टाका, नाहीतर रेडिएटर आतून गंजायला लागतो.